बांगड्यांच्या शेजारचं दुकान

शकूताई, तुझ्या दिराला मी तुझ्या दुकानाची किल्ली दिली नाही.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशराव आले. माझ्या दुकानात एक बाई लेकीला बांगड्या भरून घेत होती, म्हणून ते बाहेरच थांबले. ती गेल्यावर आत येऊन म्हणाले, "रेखाताई, वहिनींच्या दुकानाची एक किल्ली तुमच्याकडे असते ना? द्या. पोराला मोबाईलचं दुकान टाकून देतो. आता तरी तिथं काहीतरी शुभ होऊ दे."

मी म्हटलं, "मोबाईलचं कव्हर शुभ आणि माणसाचं शेवटचं कापड अशुभ, असं कुणी ठरवलं?"

"तसं नाही हो. पण लोक..."

"गाळ्याचा भाडेकरार वहिनींच्या नावावर होता. आता तो त्यांच्या लेकीचा, वर्षाचा. तिनं सांगितलं तर देईन."

"वर्षा पोरगी आहे. तिला काय कळतं?"

"सिन्नरच्या कंपनीत तिच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही, प्रकाशराव. गाळ्याचं तिला कळेल."

ते गेले. माझा त्यांच्यावर राग नाही. तुझ्या छातीत कळ आली तेव्हा त्यांनीच तुला गाडीवर पुढे बसवून, एका हाताने धरून दवाखान्यात नेलं, आणि तू गेलीस तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. माणूस वाईट नाही. पण किल्ली दिली नाही म्हणजे नाही. तू असतीस तर मुकाट्याने दिली असतीस असं मला वाटतं. बाहेरच्या सगळ्या जगाशी तू भांडायचीस आणि घरच्यांसमोर पदर सावरून गप्प बसायचीस. यावरून आपलं काही कमी वाजलेलं नाही.

तू गल्लीत आलीस तेव्हा मला तुझं नावही माहीत नव्हतं. पंचवटीतला आपला रस्ता म्हणजे भर बाजार. कोपऱ्यावर मिठाईवाले शेठ, मग साड्या, मग माझं बांगड्यांचं दुकान, आणि त्याला लागून कित्येक वर्षं बंद पडलेला गाळा. एका दुपारी त्या गाळ्यासमोर टेम्पो थांबला आणि बांबू उतरायला लागले. मला वाटलं, मंडपवाला आला. मग मडकी उतरली. मग पांढऱ्या कापडाचे तागे उतरले, आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवरून तू उतरलीस. नऊवारी नाही, कपाळाला काही नाही, हातात फक्त घड्याळ. हमालावर ओरडलीस, "अरे, हळू! मडकं फुटायची येळ अजून यायचीय!"

अख्खा रस्ता वळून बघायला लागला. तुझा आवाजच तसला. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली तू. खिडकीबाहेरून गाडी जाताना बोलायची सवय, ती गाडी नसतानाही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी मिठाईवाले शेठ चार दुकानदार घेऊन माझ्याकडे आले. "रेखाताई, पहिली सही तुमची पाहिजे. गाळामालकाला अर्ज देतोय. असलं दुकान बाजारात नको. आणि तुमच्या तर अगदी शेजारी! तुमच्याकडे नवऱ्या मुली येतात."

"मग ते दुकान कुठं पाहिजे?"

"कुठंही. लांब."

"शेठ, तुमचे वडील गेले तेव्हा सामान आणायला तुमचा माणूस नाशिकरोडला गेला होता. उशीर झाला म्हणून तुम्ही इथंच उभे राहून त्याच्या नावाने ओरडत होता. आता शेजारी मिळेल की."

शेठ सही न घेता गेले. हे मी तुझ्यासाठी बोलले असं तू आयुष्यभर समजत राहिलीस आणि मीही तुला तसं समजू दिलं. खरं कारण जुनं होतं. सासरे गेल्यावर बांगड्यांच्या दुकानात मी बसायला लागले, तेव्हा याच शेठनी मला विचारलं होतं, "घरात बसायला कुणी पुरुषमाणूस नाही का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. ते तुझ्या निमित्ताने दिलं.

हाच धंदा का, असं तुला सगळ्यांनी विचारलं असेल. मला तू पायरीवर बसून सांगितलंस. "ह्यांच्या वेळी मी दुकानात सोबत गेले होते. दुकानदार दिराला इचारतोय, कापड किती, हार कोणता. माझ्याकडं कुणी बघंना. अगं, नवरा माझा गेला होता! बाई, तुझ्या माणसाला कोणता हार घालू, एवढं मला कुणीतरी इचारायला नको?" म्हणून तुझ्या दुकानात सामानाच्या आधी स्टूल होतं. कुणीही आलं, कितीही घाईत आलं, की तू म्हणायचीस, "आधी बस. पाणी पी. मग सांग कोण गेलं." आणि बाई सोबत असली की तिलाच विचारायचीस. बाप्ये मधे बोलले की हात वर करून त्यांना थांबवायचीस.

बँकेतल्या साहेबाची गोष्ट तर तू इतक्या वेळा सांगितलीस की मला त्याचा चेहराही दिसायला लागला होता. तो म्हणाला, "ताई, पापड-लोणच्याला योजना आहे. शिलाई मशीनला आहे. तुमचा धंदा कुठल्या रकान्यात बसवू?" आणि तू म्हणालीस, "मरणाऱ्यांच्या रकान्यात बसवा. त्यात सगळेच बसतात." कर्ज मिळालं नाही. पेठकडच्या बांबूवाल्याने नुसत्या शब्दावर पहिला माल दिला आणि तुझं दुकान सुरू झालं.

ताई, एक गंमत तुला कधी सांगितली नाही. आमचं मंडळ तुझ्याच पायरीवर का जमलं माहीत आहे? बाकी सगळ्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. तुझ्या पायरीला लोक भ्यायचे. दुपारचं जेवण झालं की ती मोकळी पायरी आमची. पोळीभाजी केंद्रवाली कुसुम पीठ लागलेल्या हातांनी यायची, ब्लाऊज शिवणारी फरीदा गळ्यात टेप अडकवून यायची, मी यायचे. कुसुमचं गिऱ्हाईक का तुटलं, फरीदाचं मशीन कुठं दुरुस्त करायचं, कुणाचा नवरा दुकानाच्या वेळेला घरी बोलावतो, सगळं तिथं बोलून व्हायचं. बचत गट नाही, नाव नाही, पाटी नाही. गाळामालकाने कुसुमला जागा खाली करायला सांगितली तेव्हा आपण चौघी दुकानं बंद करून त्याच्या घरी गेलो. तू दारातच म्हणालीस, "मालक, मला तुमच्याकडं यायची सवय लावू नका." त्याच्या बायकोने तुला ओळखलं, तिचा चेहराच उतरला, आणि कुसुमची जागा राहिली. येताना आपण रस्त्यात पोट धरून हसत होतो. फरीदा म्हणाली, "शकूआपा, तुला तर नुसतं कुणाच्या दारात उभं केलं तरी काम होतं!"

आणि ते प्रदर्शन. महिला उद्योजिकांचं, मोठ्या मंगल कार्यालयात. आपण चौघींनी नावं दिली होती. सकाळी टेबलं मांडायला गेलो तर अध्यक्षबाई तुला बाजूला घेऊन गेल्या. गोड बोलत होत्या. "ताई, तुमचं काम खरंच मोठं आहे. पण तुमचा माल इथं कसा मांडणार? पाहुण्या येणार आहेत, दीपप्रज्वलन आहे. तुम्ही उदबत्त्या ठेवा ना! उदबत्त्या छान दिसतील."

"उदबत्त्या मी करत नाय."

"अहो, पण बरं दिसत नाही."

तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "बाईनं घराबाहेर पडावं असं तुम्हीच भाषणात म्हणता. मी पडले बाहेर. आता आत घ्या."

तेवढ्यात कुसुमने मांडलेले डबे परत पिशवीत भरायला सुरुवात केली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. फरीदाने ब्लाऊज हँगरवरून काढले. मी बांगड्यांच्या पेट्या बंद केल्या. तू आमच्यावर उखडलीस, "तुम्ही कशाला? येड्या झाल्या काय? माल विका!" कुसुम म्हणाली, "शकूताई, गप. गाडी बोलाव." आपण कार्यालयाच्या बाहेर फुटपाथवर चादर अंथरली आणि दिवसभर तिथं बसलो. तू पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'अंत्यविधीचे साहित्य घरपोच मिळेल.' शेजारी माझ्या हिरव्या बांगड्या. आत जाणाऱ्या बायका थबकायच्या, वाचायच्या, आणि काही जणी हळूच तुझा नंबर घेऊन जायच्या. आत कुठल्याच टेबलावर एवढे नंबर कुणी घेतले नसतील.

पुढे अध्यक्षबाईंची आई गेली तेव्हा त्या तुझ्याकडेच आल्या. मी माझ्या दुकानातून बघत होते. तू त्यांना स्टुलावर बसवलंस, पाणी दिलंस, "आईंना कोणता हार आवडायचा?" असं विचारलंस, आणि प्रदर्शनाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. त्या गेल्यावर मी म्हटलं, "मी असते तर एक तरी वाक्य ऐकवलं असतं."

"म्हणून तर तुझं दुकान बांगड्यांचं हाय," तू म्हणालीस.

करोनाच्या दिवसांत कुसुमचं केंद्र बंद पडायला आलं होतं. कामगारांच्या खोल्या रिकाम्या, डबे घ्यायला कुणी नाही. अमरधाममध्ये राबणाऱ्या माणसांना घरून डबा येत नाही, घरचेच त्यांना आत घेत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. तू कुसुमला म्हणालीस, "पोळ्या लाटायला घे. पोचवते मी." आणि तोंडाला पदर आणि वर मास्क लावून तू स्वतः डबे न्यायचीस. कुसुम अजून सांगते की तिचं केंद्र त्या पोळ्यांवर तगलं.

हे सगळं आठवलं की मला तुझा अभिमान वाटतो, आणि मग लगेच रागही येतो. कारण आपलं ते भांडण मिटलंच नाही.

तू कुठं गेलीस की मी तुझ्या दुकानात बसायचे. बांबू कुठं, सुतळी कुठं, मला सगळं पाठ. पण मला कुठं जायचं असलं की तू माझ्या दुकानात पाऊल टाकायची नाहीस. स्वतःच्या पायरीवर बसून लक्ष ठेवायचीस. गिऱ्हाईक आलं की लांबून सांगायचीस, "बाई येतीलच, बसा."

"आत बसलीस तर काय होईल?"

"तुझं गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे."

"तुला जाऊ दे म्हणायला काय जातंय? माझ्या हातानं कापड देते मी दिवसभर. त्याच हातानं नवऱ्या मुलीला बांगडी भरू? तिची आई उठून जाईल."

संक्रांतीला मी दरवर्षी हळदीकुंकवाला बोलवायचे आणि तू दरवर्षी सगळ्या बायका गेल्यावर यायचीस. तिळगूळ घ्यायचीस, वाण घ्यायची नाहीस, कुंकू लावू द्यायची नाहीस. यंदा मी चिडून म्हणाले, "बँकेच्या साहेबाला भीत नाहीस, अध्यक्षबाईंना भीत नाहीस, आणि हे पाळतेस? तुझ्यासारखी पाळते म्हणून तर हे टिकलंय!" तू तिळगुळाची वडी तशीच हातात धरून उठलीस. दुसऱ्या दिवशी पायरीवर माझ्यासाठी चहा ठेवला होतास. दोघींनी तो विषय काढला नाही.

मला कळत होतं, ताई. तू तुझ्यासाठी भीत नव्हतीस. माझं दुकान जपत होतीस. जगात एका दुकानाला तू तोटा होऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतंस, आणि ते माझं होतं. हेच मला सहन होत नव्हतं. कुणीतरी माझ्यासाठी रोज उंबऱ्याबाहेर बसतंय आणि मी आत बसून धंदा करतेय, हे कुणाला सहन होईल? पण हे तुला सरळ शब्दांत सांगायला जमलं नाही. भांडायला मात्र जमलं.

तू गेल्याचा वर्षाचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होते. उघडलं, हिरव्या बांगड्यांचा जोड घेतला आणि तुझ्या घरी आले. तुझं माप मी कधी घेतलं नव्हतं, पण इतकी वर्षं हात बघत होते. तुला आंघोळ घातली होती. मी जवळ बसले आणि तुझा हात हातात घेतला, तशी तुझ्या सासरची एक म्हातारी ओरडली, "अगं, काय करतेस? विधवेला बांगड्या?"

मी म्हटलं, "ही जिवंत असताना तुम्ही सगळ्यांनी पाळलंत, हिनंही पाळलं. आता कुणाचा नवरा मरणार आहे?"

हात गार होता, बोटं वळत नव्हती. बांगडी भरताना गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगते, हात सैल सोड. तुला सांगून उपयोग नव्हता. एक बांगडी फुटली. काच वेचून मी दुसरी घेतली. वर्षाने तुझा दुसरा हात स्वतःहून पुढे धरला. तू रागावली असतीस, मला माहीत आहे. रागव. मला हवाच आहे तुझा राग.

बाहेर प्रकाशराव फोनवर नाशिकरोडच्या दुकानाला सामान सांगत होते. मी म्हटलं, "फोन ठेवा. सामान तिच्या दुकानातून येईल." कुसुम, फरीदा आणि मी तुझं शटर वर केलं. फरीदाने ताग्यातून कापड काढलं. आयुष्यभर कापड बेतणारी बाई, पण तिच्या हातात कात्री चालेना. शेवटी दातांनी सुरुवात करून तिने ते हातांनी फाडलं. कुसुमने वर्षाला फोन लावून विचारलं, "आईला कोणता हार?" वर्षा म्हणाली, "शेवंतीचा. गुलाबाने तिचं डोकं दुखायचं." मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तू गुलाबाचे हार विकत होतीस.

तुला गल्लीतून नेलं तेव्हा साडीवाल्याने दुकान बंद केलं. शेठनीही अर्धं शटर ओढलं. अर्धंच. पण ओढलं.

वर्षाने मला सरळ सांगितलं, "मावशी, माझ्याकडून हे होणार नाही. मला नोकरी सोडायची नाही आणि आईसारखं लोकांशी बोलता येत नाही. पण आईचं दुकान काकांना द्यायचं नाही." मी म्हटलं, "मग मी बघते." रविवारी ती येऊन बसणार. दुपारी कुसुम आणि फरीदा आलटून पालटून. बाकी वेळ मी दोन्हीकडे.

तुझी ती भीती खरी निघाली, ताई. सांगून टाकते. परवा निफाडकडची एक आई लेकीला घेऊन चुडा भरायला आली होती. मुलीचा हात माझ्या हातात, दोन बांगड्या चढल्या होत्या, इतक्यात तुझ्या दारात एक माणूस उभा राहिला. वडील गेले होते त्याचे. मी मुलीला म्हटलं, "आलेच हं," आणि जाऊन त्याला बसवलं, पाणी दिलं, कापड दिलं. परत आले तर मुलीच्या आईचा चेहरा बदललेला.

"ते दुकानही तुमचंच?"

"हो."

"हात तरी धुऊन या."

"हात स्वच्छ आहेत माझे."

तिने लेकीला उठवलं. दोन बांगड्या उतरवून काउंटरवर ठेवल्या आणि त्या निघून गेल्या. कोपऱ्यावरून शेठ बघत होते. मी तशीच उभी राहिले. तुझी पायरी रिकामी होती, नाहीतर तू नक्की ओरडली असतीस, "सांगितलं नव्हतं?"

गिऱ्हाईक जाईल, एवढंच तू मला सांगत राहिलीस. ते गेल्यावर पुढं काय होतं, ते तुला बघायला मिळालं नाही. म्हणून सांगते. बांगड्या मी परत पेटीत लावल्या. थोड्या वेळाने आणखी एक बाई आली, तिने तुझा गाळा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि स्टूल ओढून हात पुढे केला.